गच्चीवरील मिश्र फळी

पूर्वीच्या घरांतून दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत तपकिरी, गुळगुळीत पेटीचा रेडिओ असे. ती पेटी लांकडाची कीं आणखी कशाची, असा प्रश्न मुलांना पडे आणि मोठीं माणसें ‘बेकेलाइट’ एवढेंच उत्तर देऊन मोकळीं होत. त्या उत्तरांत अर्धेंच सत्य होतें. लिओ बेकलंड या रसायनज्ञानें १९०७ सालीं ही कृत्रिम राळ तयार केली खरी. पण नुसती राळ ठिसूळ होते, आपटल्यास तडकते. म्हणून साच्यांत घालण्यापूर्वीं तींत लांकडाचें बारीक पीठ मिसळीत. राळेनें पाण्यापासून रक्षण करावें आणि लांकडानें बळ द्यावें, असा तो संसार होता. रेडिओची पेटी म्हणजे लांकूड आणि राळ यांच्या संयोगाचें घरोघर पोंचलेलें पहिलें उदाहरणच म्हटलें तरी चालेल.

त्याच संयोगाची नात आज घराबाहेर उन्हापावसांत येऊन बसली आहे. गच्ची, सज्जा, अंगण किंवा परसू येथें लांकडी दिसणाऱ्या फळ्यांची जी जमीन हल्लीं घालतात, तिला बाजारांत ‘कॉम्पोझिट डेकिंग’ म्हणतात. आपण तिला मिश्र फळी म्हणूं. वसई-विरार भागांत नवे बंगले आणि मोठ्या गच्च्यांचीं घरें बांधणाऱ्यांना ही फळी दुकानदार मोठ्या उत्साहानें दाखवितात. ‘कुजत नाहीं, वाळवी लागत नाहीं, रंग द्यावा लागत नाहीं, आयुष्यभर पाहावें लागत नाहीं’ असें तिचें वर्णन करण्यांत येतें. यांतील पहिलीं तीन विधानें बहुतांशीं खरीं आहेत. चौथें मात्र खरें नाहीं, आणि त्यावर विश्वासल्यामुळेंच पुष्कळ कुटुंबांचा पैसा पाण्यांत जातो.

वस्तूची परीक्षा ती जेथें वापरावयाची त्या स्थळाच्या हवेंत करावी लागते, म्हणून प्रथम स्थळाचा विचार करूं. वसई एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस खाडी यांच्या मधोमध आहे. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगांव या किनाऱ्यांवरून येणारा वारा आपल्याबरोबर मीठ आणतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथें दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्यानंतर सात-आठ महिने जवळजवळ थेंब पडत नाहीं. म्हणजे उघड्यावरील फळी वर्षाचा तिसरा हिस्सा भिजत असते आणि उरलेल्या काळांत तापत असते. जमीनहि सखल आहे. २०१८ सालच्या जुलैंत नालासोपारा आणि वसई येथें रेल्वेचे रूळ पाण्याखालीं जाऊन गाड्या अडकल्या, ही गोष्ट येथील रहिवासी विसरलेले नाहींत. ऊन, पाणी, मीठ आणि दमटपणा या चौघांची एकाच जागीं अशी गांठ पडली म्हणजे कोणत्याहि पदार्थाची कसोटीच लागते.

पूर्वजांनीं या कसोटीचें उत्तर आपल्या पद्धतीनें दिलें होतें. वसईच्या किल्ल्याचे तट दगडाचे आहेत, आणि वसईचा दगड त्या काळीं इतका नांवाजलेला होता कीं, गोव्यांतील बांधकामासाठींहि तो नेत असत. हेंच बंदर जहाजबांधणीबद्दलहि प्रसिद्ध होतें. दगड आणि लांकूड या दोहोंचा गुण ओळखणारे ते लोक होते. येथील जुन्या घरांकडे पाहिलें तर नियम सहज ध्यानांत येतो: जें उघड्यावर तें दगडाचें, जें छपराखालीं तें लांकडाचें. ओटा दगडी असे, त्यावरचे खांब लांकडी असत. पण त्यांचे पाय दगडाच्या तळखड्यावर टेकलेले असत आणि पागोळ्या त्यांच्यापासून दूर पडाव्या म्हणून छप्पर पुढें आलेलें असे. लांकूड भिजतें म्हणून कुजत नाहीं, तर तें ओलें राहतें म्हणून कुजतें. त्यांतील ओलावा वीस टक्क्यांच्या वर दीर्घ काळ टिकला म्हणजे बुरशीला तेथें घर मिळतें. सुतारकामांतलें निम्में शहाणपण लांकूड लवकर वाळेल अशी व्यवस्था करण्यांत आहे.

सागवानासारखें लांकूड या कामांत सर्वांत टिकाऊ ठरलें. १८१७ सालीं मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कुशल कारागिरांनीं ‘ट्रिंकोमाली’ नांवाचें सागवानी लढाऊ जहाज बांधून पाण्यांत सोडलें. तें आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथें जतन करून ठेवलेलें आहे. परंतु असें सागवान म्हणजे जुन्या, मोठ्या वृक्षाचा पक्का गाभा. कोवळ्या झाडाचा, फिकट रंगाचा बाहेरचा भाग नांवानें सागवानच असला तरी उघड्यावर फार काळ टिकत नाहीं. पक्का गाभा दुर्मिळ आणि महाग झाला, आणि स्वस्त लांकडाला विषारी औषधें पाजून टिकविण्याच्या रीतीविषयीं लोकांना शंका येऊं लागली. आर्सेनिकयुक्त औषध पाजलेलें लांकूड अमेरिकेंत घरगुती वापरासाठीं २००३ सालच्या अखेरीपासून बंद करण्यांत आलें. या दोन कारणांमुळें मिश्र फळीला बाजार मिळाला.

आतां ती बनते कशी तें पाहूं. लांकूडकामांतून उरलेला भुसा वाळवून पिठासारखा बारीक करतात. भारतांत कधीं त्यांत बांबूचा किंवा भाताच्या तुसाचाहि अंश असतो. हें पीठ साधारणपणें निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून थोडें अधिक असतें. उरलेल्या भागांत मुख्यतः पॉलिएथिलीन, म्हणजे दुधाच्या पिशव्या आणि पाण्याच्या टाक्या ज्याच्या करतात तें प्लॅस्टिक, आणि थोडा रंग, उन्हापासून रक्षण करणारें द्रव्य, बुरशीला आवरणारें द्रव्य आणि दोहोंना एकमेकांशीं चिकटविणारें एक द्रव्य असतें. हें शेवटचें द्रव्य प्रमाणानें अल्प, पण महत्त्वाचें. लांकूड पाण्याचें मित्र आणि प्लॅस्टिक पाण्याचें शत्रु. त्यांच्यामध्यें दुभाषी नसेल तर दोघें शेजारीं असूनहि एकजीव होत नाहींत.

पॉलिएथिलीनच कां, याचेंहि कारण सरळ आहे. लांकूड दोनशें अंशांच्या पुढें तापविलें कीं करपूं लागतें. म्हणून त्याच्याशीं असेंच प्लॅस्टिक मिसळावें लागतें, जें त्याहून बऱ्याच कमी उष्णतेला वितळेल. पॉलिएथिलीन एकशें तीस अंशांच्या सुमारास वितळतें. हा पदार्थ १९३३ सालीं इंग्लंडमध्यें एका प्रयोगांत जवळजवळ योगायोगानेंच हातीं आला. आणि फळीला लागणारा त्याचा कठीण प्रकार १९५३ सालीं जर्मनींत कार्ल त्सीग्लर यांच्या शोधामुळें स्वस्तांत करतां येऊं लागला. वितळलेलें प्लॅस्टिक आणि लांकडाचें पीठ यांचा लगदा चकलीच्या सोऱ्यांतून यावा तसा यंत्राच्या साच्यांतून दाबून बाहेर काढतात. साच्याचें तोंड जसें, तशी फळी. तिच्यावरच्या लांकडाच्या रेषा मागाहून उठविलेल्या असतात. त्या झाडानें दिलेल्या नव्हेत.

अंगणाच्या जमिनीसाठीं ही फळी मोठ्या प्रमाणावर प्रथम अमेरिकेंत १९९० च्या दशकांत आली. मोबिल या तेलकंपनीच्या एका विभागांतून १९९६ सालीं स्वतंत्र झालेल्या ट्रेक्स कंपनीनें जुन्या पिशव्या आणि लांकडाचा भुसा यांपासून ती बनवून प्रसिद्धीस आणली. त्या पहिल्या पिढीच्या फळ्यांचा अंगभर एकच लगदा असे. अनुभवानें असें दिसलें कीं, पृष्ठभागावरील लांकडाचे कण पाणी पितात, उन्हानें फिके पडतात, आणि त्यांच्यावर बुरशीचे काळे ठिपके उमटतात. तेव्हां पुढील दशकांत दुसरी पिढी निघाली. तींत मधला गाभा पूर्वीसारखाच, पण त्यावर नुसत्या प्लॅस्टिकचें एक पातळ कवच त्याच यंत्रांतून निघतांनाच चढविलेलें असतें. बाजारांत आज दोन्ही पिढ्या शेजारींशेजारीं मांडलेल्या दिसतात आणि दुरून सारख्याच वाटतात. वसईच्या हवेंत उघड्यावर घालावयाची असेल तर कवच असलेलीच फळी पाहावी, आणि तेंहि कवच चारी बाजूंनीं आहे कीं केवळ वरच्या तोंडास, हें विचारून घ्यावें. केवळ वरून कवच असलेली फळी खालच्या अंगानें ओलावा घेते आणि वरच्या अंगानें घेत नाहीं. मग ती ओंजळीसारखी वांकडी होते.

येथें नांवाच्या घोटाळ्याविषयीं सावध करणें अवश्य आहे. आपल्या बाजारांत ‘डब्ल्यू. पी. सी.’ या तीन अक्षरांखालीं दोन निराळ्या वस्तु विकल्या जातात. एक वर वर्णिलेली भरीव, जड फळी. दुसरी म्हणजे दारांच्या चौकटी, स्वयंपाकघरांतील कपाटें यांसाठीं वापरतात ती पांढुरकी, हलकी, पी. व्ही. सी.च्या फेसाची पाटी. ही दुसरी वस्तु घरांत आपल्या जागीं उत्तम असते. पाण्यानें फुगत नाहीं, स्क्रू चांगला धरते. परंतु माणसाच्या पायाखालीं, उघड्या उन्हांत, दोन आधारांच्या मध्यें ती घालणें म्हणजे पाटाचें काम पापडाला सांगण्यासारखें आहे. दुकानांत अक्षरें विचारूं नयेत. ‘ही बाहेरच्या जमिनीसाठीं केलेली आहे काय, आणि तसें छापील पत्रकांत लिहिलें आहे काय’ असें विचारावें. परदेशीं या फळ्यांसाठीं ठरलेलीं मानकें आहेत: युरोपांत ई. एन. १५५३४ आणि अमेरिकेंत ए. एस. टी. एम. डी ७०३२. चांगला उत्पादक यांपैकीं कोणत्या तरी मानकाप्रमाणें केलेल्या परीक्षणाचा अहवाल दाखवूं शकतो. अहवाल मागितल्यावर विक्रेता विषय बदलूं लागला, तर ग्राहकानें दुकान बदलावें.

अहवालाखेरीज घरच्या घरींहि परीक्षा करतां येते, आणि ती करण्यास वीतभर तुकडा पुरे. तुकड्याची कापलेली कड प्रथम डोळ्यांनीं पाहावी. गाभा एकसारखा घट्ट दिसला पाहिजे. भोंकें, सुटे भुशाचे पुंजके किंवा कवच आणि गाभा यांच्यामध्यें फट दिसली तर तो दोष समजावा. नंतर स्वयंपाकघरांतील काट्यावर वजन करून आणि फूटपट्टीनें जाडी मोजून तुकडा बादलीभर पाण्यांत आठ दिवस बुडवून ठेवावा. बाहेर काढून, पुसून, पुन्हां वजन व जाडी पाहावी. चांगल्या फळीच्या वजनांत फरक थोडाच पडतो. जी फळी पाण्यानें जड होऊन कडेला फुगते, तिचें पावसाळ्यांत काय होणार हें निराळें सांगावयास नको. दुसरा तुकडा दुपारीं बारा ते दोन उन्हांत ठेवून त्यावर अनवाणी पाय टेकवावा. तिसरी परीक्षा हळदीचें तेल आणि चहा सांडण्याची. एक रात्र ठेवून सकाळीं साबणानें धुवावें. घरांत काय सांडतें हें गृहिणीला प्रयोगशाळेपेक्षां अधिक ठाऊक असतें.

उन्हाची परीक्षा चेष्टेनें सांगितलेली नाहीं. ही फळी लांकडाहून घट्ट असल्यामुळें अधिक उष्णता सांठविते आणि ती पायाला लवकर देते. गडद रंगाची फळी एप्रिल-मे महिन्यांत साठ अंशांच्या पुढें तापूं शकते. अशा जमिनीवर रांगणारें मूल किंवा अनवाणी वावरणारी आजी यांना चटका बसल्याशिवाय राहणार नाहीं. चित्रपत्रिकांतून दिसणारा काळसर अक्रोडी रंग थंड देशांतला आहे. आपल्याकडे वाळूच्या किंवा राखेच्या रंगाची फिकट फळीच घ्यावी, आणि जेथें दुपारीं झाडाची वा छपराची सावली पडते तेथें ती घालावी.

उष्णतेचा दुसरा परिणाम डोळ्यांना दिसत नाहीं, पण सर्वांत अधिक नुकसान तोच करतो. लांकूड आपल्या लांबींत उन्हानें जवळजवळ वाढत नाहीं. पॉलिएथिलीन मात्र पुष्कळ वाढतें, आणि मिश्र फळी या दोहोंच्या मधोमध असते. हिशेब करून पाहूं. तीन मीटर साठ सेंटिमीटर लांबीची फळी पंचवीस अंशांवरून पासष्ट अंशांवर गेली, तर ती साधारणपणें पांच-सहा मिलिमीटर लांब होते. तिच्या दोन्ही टोकांना भिंत टेकलेली असेल तर ती जाईल कोठें? ती मध्यें कमानीसारखी उचलली जाते किंवा स्क्रू उपटते. लांकडाची संवय असलेला कुशल सुतार सांधा घट्ट बसवितो, कारण त्याच्या विद्येंत घट्ट सांधा हीच प्रतिष्ठा आहे. या पदार्थाला तीच प्रतिष्ठा घातक होते. टोकाला भिंतीपासून आणि दोन फळ्यांच्या तोंडांमध्यें उत्पादकानें सांगितलेली फट ठेवलीच पाहिजे, आणि काम थंड सकाळीं चालू असेल तर ती थोडी अधिक ठेवली पाहिजे. पत्रक मिस्त्रीच्या हातीं देऊन तें मराठींत समजावून सांगणें हें घरधन्याचें कर्तव्य आहे. मिस्त्री चुकला असें मागाहून म्हणण्यापेक्षां हें स्वस्त पडतें.

फळीपेक्षांहि तिच्या खालच्या गोष्टींचा विचार अगोदर केला पाहिजे. गच्चीचा स्लॅब गळत असेल तर त्यावर फळ्या घालणें म्हणजे जखमेवर भरजरी शेला पांघरणें होय. प्रथम गच्चीचें तोंड बंद करून एक-दोन दिवस पाणी कोंडून ठेवावें आणि खालच्या छताला ओल येते काय तें पाहावें. शंभरास एक या प्रमाणांत तरी पाण्याच्या तोंडाकडे उतार असावा. जलरोधक थर झालेला असेल तर त्याला भोंक पाडून सांगाडा ठोकण्यास साफ नकार द्यावा. रबराच्या तुकड्यांवर किंवा कमीजास्त उंचीच्या तयार पायांवर सांगाडा नुसता ठेवतां येतो. आणि जेथें पाण्याची जाळी आहे, तेथें वरची चार-सहा फुटांची चौकट सहज उचलतां येईल अशी मोकळी ठेवावी. जी जाळी साफ करतां येत नाहीं ती तुंबते, आणि तुंबलेल्या गच्चीखालीं निजणाऱ्या माणसांना त्याची वार्ता पहांटे मिळते.

भाराचा प्रश्न तर जीविताचा आहे. अडीच सेंटिमीटर जाडीच्या भरीव फळीचें वजन चौरस मीटरला सुमारें तीस किलो भरतें. सांगाडा धरून चाळीस समजावें. घरगुती सज्ज्याचा स्लॅब भारतीय मानकाप्रमाणें चौरस मीटरला सुमारें तीनशें किलो चालता भार धरून आंखलेला असावा लागतो, तेव्हां नुसत्या फळ्यांचें ओझें भयंकर नव्हे. परंतु फळ्या घातल्या कीं त्यावर हौसेनें बाग येते. ओली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते. म्हणजे फूटभर खोल मातीचे वाफे मांडले तर केवळ मातीचाच भार चौरस मीटरला साडेचारशें-पांचशें किलो होतो. माणसें, झोपाळा आणि पाण्याचें पिंप निराळेंच. २०२५ च्या ऑगस्टमध्यें विरार येथें एका चार मजली इमारतीचा भाग कोसळून सतरा माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्या दुर्घटनेचा फळ्यांशीं संबंध जोडण्याचें कारण नाहीं. परंतु इमारत हें निर्जीव खोकें नसून तिच्या सहनशक्तीला सीमा आहे, ही आठवण त्या घटनेनें सर्वांनाच दिली आहे. सहकारी गृहसंस्थांच्या उपविधींप्रमाणें पंधरा वर्षांहून जुन्या इमारतीची पांच वर्षांनीं आणि तीस वर्षांहून जुन्या इमारतीची तीन वर्षांनीं तपासणी व्हावयाची असते. तो अहवाल अगोदर वाचावा, संस्थेची लेखी परवानगी घ्यावी, आणि शंका असल्यास बांधकाम-अभियंत्याला विचारावें. त्याची फी ही या कामांतली सर्वांत स्वस्त रक्कम असते.

सांगाड्याकडे आतां वळूं. फळ्या वर दिसतात म्हणून त्यांच्यावर खर्च करावयाचा आणि खालच्या आडपट्ट्या दिसत नाहींत म्हणून त्या स्वस्त घ्यावयाच्या, ही चूक वारंवार होते. वीस-पंचवीस वर्षें टिकणारी फळी पांच वर्षांत गंजणाऱ्या पट्ट्यांवर घातली, तर त्या जमिनीचें आयुष्य पांचच वर्षें होय. जस्त चढविलेल्या लोखंडाची पट्टी जेथें कापली तेथें तिचें जस्त जातें. किनाऱ्याजवळ गंज तेथूनच शिरतो, म्हणून कापलेल्या प्रत्येक तोंडाला जस्ताचा लेप द्यावा. ॲल्युमिनियम खाऱ्या वाऱ्यांत अधिक टिकतें, पण ओल्या सिमेंटाला तें थेट टेकूं देऊं नये. स्क्रू आणि क्लिपा बिनगंज पोलादाच्या असाव्या. समुद्राजवळच्या घरांत त्यांतील ३१६ क्रमांकाचें पोलाद ३०४ पेक्षां बरें, कारण त्यांत मिठाशीं झुंजणारें मॉलिब्डेनम असतें. आडपट्ट्यांमधील अंतर मध्यापासून मध्यापर्यंत चाळीस सेंटिमीटरांहून अधिक नसावें; फळ्या तिरप्या घालावयाच्या असतील किंवा पायऱ्यांवर घालावयाच्या असतील तर तीस. दोन पट्ट्या वांचविण्यासाठीं हें अंतर वाढविलें, तर उन्हांत मऊ झालेली फळी दोघांच्या मध्यें हळूहळू झोळीसारखी होते आणि पुन्हां सरळ होत नाहीं.

मालाचा अंदाज स्वतः काढतां आला म्हणजे फसवणूक टळते. समजा, गच्चीचा चार मीटर लांब व तीन मीटर रुंद भाग झांकावयाचा आहे. फट धरून एका फळीनें पंधरा सेंटिमीटर जागा व्यापली, तर तीन मीटरांत वीस ओळी होतात. प्रत्येकी चार मीटरांप्रमाणें ऐंशी मीटर, आणि कापण्यांत वाया जाणारा दहावा हिस्सा धरून अठ्ठ्याऐंशी मीटर फळी लागेल. चाळीस सेंटिमीटरांवर एक अशा अकरा आडपट्ट्या, प्रत्येकी तीन मीटर, म्हणजे तेहतीस मीटर. चार मीटरांची अखंड फळी न मिळाल्यास मध्यें सांधा येतो, आणि सांध्याखालीं एकाऐवजीं जोडपट्टी घालावी लागते. शिवाय क्लिपा, स्क्रू, कडेच्या पट्ट्या, वाहतूक आणि मजुरी. दुकानदार केवळ फळीचा चौरस फुटाचा दर सांगतो. घरधन्यानें तयार जमिनीचा दर विचारावा.

ज्यांचें घर वाडींत आहे आणि ज्यांना अंगणांतील मातीवरच ही जमीन करावयाची आहे, त्यांनीं फळी आणि माती यांच्यामध्यें हवा खेळेल एवढें अंतर ठेवावें. केळी-नारळीच्या बागेंत जमीन सदैव ओली असते. खालून वारा नसेल तर फळीचें पोट कधींच वाळणार नाहीं, आणि सांचलेल्या पाण्यांत डांसांची पैदास होईल. उंदरांना आणि त्यांच्या मागोमाग येणाऱ्या सर्पांनाहि अशी अंधारी जागा प्रिय असते. म्हणून कडेला वारा जाईल पण जनावर शिरणार नाहीं अशी बारीक जाळी लावावी. जेथें पुराचें पाणी चढतें, तेथें गाळ काढण्यासाठीं फळ्या सुट्या करतां येतील अशी योजना असावी. नाहीं तर तेथें दगडी फरशीच शहाणपणाची.

आतां निगा. मिश्र फळी कुजत नाहीं म्हणून तिच्यावर शेवाळ धरत नाहीं, असें नव्हे. शेवाळाला फळी नको असते. फळीवरची धूळ, पानें आणि पाणी पुरतात. श्रावणांत अशा जमिनीवरून वयस्क माणूस घसरला तर हाड मोडण्याचा प्रसंग येतो. म्हणून पावसाळ्यापूर्वीं एकदां, पावसाळ्यांत महिन्यांतून दोनदां आणि नंतर एकदां मऊ कुंचा व साधा साबण यांनीं ती घासावी. ॲसिड वापरूं नये, धातूच्या घासणीनें खरडूं नये, जोराच्या फवाऱ्याचें तोंड अगदीं जवळ नेऊं नये. रबरी पाठीचें पायपुसणें फार दिवस एकाच जागीं ठेवल्यास त्याचा डाग बसतो. आणि ही वस्तु ज्वलनशील आहे, हें दिवाळींत विसरूं नये. पणत्या ताटांत ठेवाव्या, फुलबाज्या व भुईचक्रें फळ्यांवर लावूं नयेत, कोळशाची शेगडी तर मुळींच नको. वितळलेल्या डागाला पॉलिश करून पूर्ववत् करतां येत नाहीं. लांकूड रंधून नवें होतें, ही फळी होत नाहीं.

हमीपत्रांतील वर्षांचा आंकडा मोठा असतो, पण त्याखालील बारीक अक्षरें अधिक महत्त्वाचीं. हमी फळीची कीं बसविण्याच्या मजुरीची. रंग फिका पडण्याची धरली आहे कीं नाहीं. पाणी सांचल्यास, फटी न ठेवल्यास किंवा दुसऱ्याच क्लिपा वापरल्यास ती रद्द होते काय. आणि दहा वर्षांनीं त्याच रंगाची फळी मिळणार काय, हे चार प्रश्न विचारावे. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर कोणीच खात्रीनें देऊं शकत नाहीं. म्हणून चार-पांच फळ्या जास्त घेऊन सावलींत सपाट ठेवून द्याव्या.

या फळीनें अरण्य वांचतें असेंहि सांगण्यांत येतें, आणि त्यांत तथ्य आहे. भुसा आणि जुनें प्लॅस्टिक यांचा तींत सदुपयोग होतो. परंतु दुसरी बाजूहि आहे. लांकूड शेवटीं मातींत मिळतें, नुसतें प्लॅस्टिक पुन्हां वितळवितां येतें; एकदां एकजीव झालेल्या या दोघांना मात्र वेगळें करणें फार कठीण. कापतांना उडणारा भुसाहि निम्मा प्लॅस्टिक असतो. तो वाडींत किंवा नाल्यांत झाडून न देतां कापडावर गोळा करावा. तेव्हां खरी बचत ती फळी किती वर्षें कामास येते यावर अवलंबून आहे, आणि तें पुन्हां निवड व मांडणी यांवर येऊन ठेपतें.

मग ही फळी घ्यावी कीं घेऊं नये? सावलीचा सज्जा असेल, स्लॅब धड असेल, खालीं हवा व उतार असेल, आणि नियमित निगा राखण्याची तयारी असेल, तर कवचाची, फिकट रंगाची भरीव फळी वसईच्या हवेंत स्वस्त लांकडापेक्षां खात्रीनें अधिक काळ सुख देईल. पूर्ण उन्हांतील उघडी गच्ची असेल, तर पांढऱ्या मोझेकची फरशी कमी तापते आणि कमी त्रास देते. आणि ओट्यावर जुना दगड शाबूत असेल, तर त्याच्यावर कांहींहि घालूं नये. पूर्वजांचा नियम नव्या पदार्थानें मोडलेला नाहीं. पाणी थांबूं न देणें, हवा खेळूं देणें आणि प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणें हलूं देणें, एवढेंच त्यांनीं दगड आणि लांकूड यांच्याबाबतींत पाळलें होतें. मिश्र फळी त्याहून अधिक मागत नाहीं. पण त्याहून कमी दिलें तर ती क्षमाहि करीत नाहीं.